उमरेडकरांची पुढची तपासणी

आमचा पाच लिटरचा कुकर उमरेडकरांकडे गेला तेव्हा तो साधा कुकर होता. परत आला तेव्हा त्याच्या झाकणावर टपाल तिकिटाएवढं हिरवं स्टिकर होतं आणि त्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, "शिट्टी तपासली. दाब योग्य. पुढची तपासणी सहा महिन्यांनी." खाली तारीख आणि "दि. उ." अशी आद्याक्षरं.

मी कुकर गोळाभात करायला दिला होता, परीक्षेला बसवायला नव्हे. तसं मी कुंपणावरून बोलूनही दाखवलं. उमरेडकर जराही ओशाळले नाहीत.

"वहिनी, तुमची शिट्टी वेळेवर येत नव्हती ना. उशिरा येऊन राहिली होती. डाळीचा गाळ होत असेल तुमच्याकडे."

डाळीचा गाळ होत होता. दोन वर्षं मी त्याचं खापर आयर्लंडच्या डाळीवर फोडत होते आणि आनंद, म्हणजे माझा नवरा, माझ्यावर. त्या दिवसापासून वरण नीट व्हायला लागलं आणि उमरेडकरांशी आमचा घरोबा सुरू झाला.

गॉलवेला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मागच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण, आणि वारा असा की वाळत घातलेली त्यांची बनियन आमच्या दारात आणि आमचे उशीचे अभ्रे त्यांच्या दारात. उमरेडकर मूळचे नागपूरचे. इथं ते हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्या करणाऱ्या एका कारखान्यात होते. जाळ्या ते करत नसत. ज्या यंत्रांनी जाळ्या मोजतात ती यंत्रं खरं बोलतात की नाही, हे ते तपासत. तपासून झालं की यंत्रावर हिरवं स्टिकर लावायचं, त्यावर पुढच्या तपासणीची तारीख. तारीख उलटली तर लाल स्टिकर, "वापरू नये", आणि यंत्र कोपऱ्यात.

ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी सोडून येणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्या घरातल्या घड्याळाला स्टिकर होतं, ओव्हनला होतं, इस्त्रीला होतं, वजनकाट्याला आणि दारावरच्या घंटेलासुद्धा होतं. त्यांच्याकडे चहाला गेलं की आनंद सोफ्यावर बसण्याआधी उगीच मागे वळून बघायचा. एक टेलिफोन तेवढा कोरा होता. मी सहज विचारलं, "हा बरा सुटला?"

"फोनचं काय मोजता वहिनी, दर रविवारी नागपूरला बोलतो तेवढंच," म्हणाले, आणि लगेच संत्रा बर्फीचा डबा पुढे केला. मीही बर्फी खाल्ली आणि विसरून गेले.

आता उमरेडकर आयर्लंडात कसे, हे सांगायला हवं, कारण आम्हा बाकीच्या मराठी मंडळींचं येणं आणि त्यांचं येणं यांत फरक होता. आनंद आला तो कंपनीनं परवाना काढून दिला म्हणून. मी आले ती आनंदची बायको म्हणून. माझ्या पासपोर्टात शिक्का होता, त्याचा सरळ अर्थ असा, की बाईंनी राहावं, नोकरी करू नये. मी एम.कॉम., पुण्यात सहा वर्षं एका वकिलाच्या कचेरीत काढलेली, आणि इथं पोळ्या लाटत खिडकीतून पाऊस मोजत होते.

उमरेडकरही कुणाचं तरी कुणीतरी म्हणूनच आलेले, पण त्यांचा शिक्का वेगळा. त्यांची बायको रित्वा फिनलंडची, म्हणजे युरोपची नागरिक. ती इथल्या विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करायची. युरोपचा माणूस युरोपातल्या दुसऱ्या देशात कामाला गेला तर त्याच्या जोडीदारालाही तिथं राहायचा आणि काम करायचा हक्क असतो. वेगळा परवाना नको, कंपनीची मिनतवारी नको. रित्वा शेवाळ तपासत होती तोवर उमरेडकर यंत्रं तपासू शकत होते, इतका सोपा हिशेब.

"आपण दोघं एका जातीचे, वहिनी," ते मला म्हणाले. "स्पाऊस! फक्त माझी पोटजात वरची."

दिवाळीच्या जेवणाला आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबं एका हॉलमध्ये जमत असू. तिथं कुलकर्णी म्हणून एक सॉफ्टवेअरवाले होते. त्यांना दरवर्षी श्रीखंडानंतर एकच विनोद सुचायचा.

"काय उमरेडकर, अजून बायकोच्याच जिवावर का?"

पहिल्या वर्षी मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. उमरेडकरांनी शांतपणे वाटी चाटून पुसून ठेवली.

"हो ना भाऊ. तुम्ही कंपनीच्या जिवावर, मी बायकोच्या. तुमची कंपनी तुम्हाला ताप आला तर कधी कपाळावर हात ठेवते का?"

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुलकर्णींच्या बायकोनं जरा जास्तच वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर आमच्या पुरुषमंडळींना उमरेडकरांचा हेवाच वाटायचा. यांचे परवाने कंपनीच्या नावावर, साहेब कितीही खवट निघाला तरी नोकरी बदलायची सोय नाही. उमरेडकर मात्र उद्या वाटलं तर मासे विकू शकले असते. बायकोला ते "आमचं सरकार" म्हणायचे. शनिवारी पत्ते खेळायला बोलावलं की, "थांबा, सरकारला विचारतो," आणि विचारण्यात लाज कसली ती नव्हतीच. असा मराठी नवरा मी तोवर पाहिला नव्हता. आनंदनंही पाहावा म्हणून मी त्याला मुद्दाम पत्त्यांना पाठवत असे.

सरकार फार बोलत नसे. रित्वा दिवसाला दहाएक वाक्यं बोलायची आणि त्यातली सहा शेवाळाबद्दल असायची. नागपुरात ती एका पर्यावरण संस्थेत पाण्याच्या कामासाठी सहा महिने आली होती आणि उमरेडकर तिथं उपकरणं दुरुस्त करायला. तिचा मीटर दर सोमवारी बिघडायचा. उमरेडकर दर सोमवारी दुरुस्त करायचे. "इतकं नेमानं कोणतं यंत्र बिघडते?" ते मला रंगवून सांगत होते. रित्वा शेजारी मोजे विणत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आय लूजन्ड द वायर." लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि उमरेडकरांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तिला मराठी शब्द तीनच यायचे. "काहून" म्हणजे का, "बस", आणि "होते" म्हणजे असं होतंच. त्यात तिचं सगळं भागायचं.

उमरेडकरांच्या तोंडी एक पालुपद होतं, "तोंडाचं सोडा, कागद बोलते." त्यांचे वडील नागपूरला न्यायालयात नाझर, म्हणजे कचेरीतले अधिकारी होते, हे पालुपद मूळचं त्यांचं. या घराण्यात मूल बोलायच्या आधी नक्कल काढायला शिकत असावं. उमरेडकरांची एक निळी फाइल होती. जन्माचा दाखला, पदवी, पगाराची पत्रं, लग्नाचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. गॉलवेच्या दमट हवेत कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, म्हणून ही फाइल हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या घडीखाली झोपायची. ते रोज सकाळी टॉवेल काढताना फाइलवरून हात फिरवतात, हे मला रित्वानं सांगितलं. म्हणजे "एव्हरी मॉर्निंग" म्हणाली आणि हात फिरवून दाखवला.

दोन हजार सहा साली उमरेडकरांचा पाच वर्षांचा शिक्का संपत आला. त्याच वर्षी नियमही बदलले होते आणि सगळे कागद नव्यानं डब्लिनला पाठवायचे होते. अर्ज लिहायला ते माझ्याकडे आले, कारण वकिलाच्या कचेरीतलं माझं इंग्रजी त्यांना फार भारदस्त वाटायचं. आम्ही दोघांनी आठवडा लावून असा अर्ज केला, की त्यावर हिरवं स्टिकर तेवढं लावायचं राहिलं होतं.

तीन आठवड्यांत उत्तर आलं. अर्ज बरोबर, रित्वाचे कागद बरोबर, पण लग्नाचं प्रमाणपत्र चालणार नाही. ते प्लास्टिकमध्ये बंद आहे, शिक्का-सही तपासता येत नाही. प्लास्टिकशिवायचं मूळ प्रमाणपत्र पाठवा, किंवा दिलं त्या कार्यालयातून नवी नक्कल काढून पाठवा.

उमरेडकरांनी ते लॅमिनेट केलं होतं! आता यात हसण्यासारखं काही नाही, आपल्याकडे कोण करत नाही? माझी स्वतःची एम.कॉम.ची पदवी लॅमिनेट केलेली आहे, आनंदच्या मुंजीची पत्रिकासुद्धा आहे. महत्त्वाचा कागद दिसला की आपल्या माणसाचे हात शिवशिवतात. डब्लिनच्या लोकांना हे कळावं कसं? त्यांची चूक नव्हती. पण मला नवल वाटलं ते वेगळंच. मापाचा इतका काटेकोर माणूस, नाझराचा मुलगा, यानं असली चूक केलीच कशी?

"मग नवी नक्कल मागवा," मी म्हटलं. "नागपुरात वडील आहेत ना तुमचे? अधिकारपत्र पाठवा, आठ दिवसांत काम होईल."

"पाहू."

"पाहू काय? शिक्का महिनाअखेर संपतोय."

"पाहू ना बाप्पा!" ते एकदम तुटकपणे म्हणाले आणि फाइल बगलेत मारून निघून गेले. "पाहू" हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

मी आपली मदत करतच राहिले. केस वाळवायच्या यंत्रानं प्लास्टिक सुटतं असं ऐकलं होतं, ते सुचवलं. ते म्हणाले, शाई उठेल. वकील करा म्हटलं. नको म्हणाले. इथल्या गार्डा स्टेशनात, म्हणजे पोलिसांच्या कचेरीत, इमिग्रेशनच्या खिडकीवर एक भला अधिकारी होता. त्यानं "यू विल बी ग्रँड" म्हणून धीर दिला, पण डब्लिनच्या पत्राशिवाय त्यालाही नवं कार्ड देता येणार नव्हतं.

महिना संपला. कारखान्यानं नियमाप्रमाणे कळवलं की कार्ड येईपर्यंत आत येता येणार नाही. जागा महिनाभर राखून ठेवू, पुढचं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काही मागायला गेले, तर त्यांच्या दाराआड खुंटीवर कारखान्याचा पांढरा कोट टांगलेला होता आणि त्याच्या खिशावर लाल स्टिकर. "वापरू नये."

"असं काय करता हो!" मी म्हटलं. मला फार वाईट वाटलं.

"ड्यू डेट गेली ना वहिनी. ड्यू डेट गेलेलं यंत्र चांगलं असलं तरी वापरत नाहीत."

मग आम्ही दोघं स्पाऊस घरी. आनंद कामावर, रित्वा शेवाळात. रोज अकरा वाजता उमरेडकर चहाला यायचे आणि माझं घर तपासायचे. आठ दिवसांत माझा फ्रीज, टोस्टर, कपडे धुवायचं यंत्र आणि आनंदची दाढी करायची मशीन सगळं हिरवंगार झालं. नवव्या दिवशी ते माझ्या पोळपाटाला पट्टी लावून बघत होते. तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

"उमरेडकर, मला गेली चार वर्षं लाल स्टिकर लागलंय, माहीत आहे? मी काय केलं असतं एका शिक्क्यासाठी! तुमच्या हातात आहे आणि तुम्ही एक पत्र लिहीत नाही. माजच म्हणायचा हा."

असं बोलायला नको होतं. त्यांनी पोळपाट खाली ठेवला आणि घरी गेले. मी स्वतःला शिव्या देत बसले. पंधरा मिनिटांनी परत आले ते निळी फाइल घेऊन. प्रमाणपत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"साक्षीदार पाहा. तिसरा."

त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालेलं, म्हणून तीन साक्षीदार. दोन सह्या त्यांच्या संस्थेतल्या मित्रांच्या, झोकदार. तिसरी मोठ्या मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं, ओळ सोडून खाली घसरलेली. अन्नपूर्णा उमरेडकर.

"आई?"

"आई."

मग त्यांनी सांगितलं. रित्वाशी लग्न करतो म्हटल्यावर वडिलांनी बोलणं टाकलं होतं. रागावणं नाही, ओरडणं नाही, नुसतं बोलणं बंद. लग्नाची नोटीस नोंदणी कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागली होती. वडील रोज तिथून सायकलवरून जात, ती त्यांनी वाचली असणारच. लग्नाच्या दिवशी दोनच साक्षीदार आले, तिसरा मित्र ऐन वेळी कुठं अडकला कोण जाणे. कारकून म्हणाला, उद्या या. रित्वाचं विमान उद्यावर आलेलं. इतक्यात दारात रिक्षा थांबली आणि त्यातून आई उतरली. घरी टेकडीच्या गणपतीला जाते सांगून आली होती.

"शाळेत गेली नव्हती ती कधी. बँकेत अंगठा द्यायची. मी म्हटलं, आई, तुला कुठं सही येते? तर पदर कमरेला खोचला अन् म्हणाली, पेन दे. एकेक अक्षर लिहिलं, वहिनी. घाम फुटला होता तिला. मग रित्वाच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली, अन् माझ्याकडून वचन घेतलं. तुझ्या बाबाला हे कळू द्यायचं नाही, मी असेन तोवरही अन् नसेन तेव्हाही. जन्मभर त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती ना ती."

दोन हजार तीनमध्ये आई गेली. उमरेडकर तेराव्याला पोहोचले. वडिलांनी पंगतीत त्यांना वाढलं, पण बोलले नाहीत. परत येण्याआधी उमरेडकरांनी सीताबर्डीवर जाऊन ते प्रमाणपत्र लॅमिनेट केलं. आईच्या हातचं लिहिलेलं जगात तेवढं एकच होतं.

"आता बाबांना नक्कल काढायला पाठवलं, तर ते आधी मूळ रजिस्टर पाहतील. नाझर माणूस. पाहतील अन् त्यांना कळेल, की हिनं आपल्याला फसवलं. दुसऱ्या कुणाला पाठवलं तरी कचेरीत सगळे त्यांच्या ओळखीचे, कानावर जाईलच. मेलेल्या बाईची बदनामी मी नाही करत. गेली नोकरी तर गेली."

मी फक्त म्हटलं, "आणि फोन? दर रविवारी नागपूरला फोन असतो म्हणता तो?"

"कुणाला करू?" ते म्हणाले.

त्या संध्याकाळी रित्वा कुंपणापाशी आली. उमरेडकर समुद्रावर फिरायला गेले होते. तिला सगळं माहीत होतं, ती तर तिथं हजरच होती. मी माझ्या भारदस्त इंग्रजीत तिला समजावलं, की बिचाऱ्यांनी आईला वचन दिलं आहे, मोठा पेच आहे. रित्वानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहून?"

मग त्या दिवसाची सगळी वाक्यं तिनं एकदम खर्च केली. तिच्या इंग्रजीचा मराठीत अर्थ असा, की आई वारली आहे. बाबा जिवंत आहेत. नवरा घरात बसून टोस्टर मोजतो आहे. वचन नवऱ्यानं दिलं होतं, मी दिलेलं नाही. तू मला चार वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून दे.

मी लिहून दिली. आमच्याच फोनवरून तिनं नागपूरचा नंबर फिरवला. तिकडे रात्रीचं जेवण होऊन गेलं असेल. पलीकडून खणखणीत "कोण?" आलं, ते मलाही ऐकू आलं. रित्वानं चिठ्ठी नाकापुढे धरली.

"बाबा. मी रित्वा, तुमची सून. दिनकरची नोकरी थांबली. लग्नाच्या कागदाची नक्कल पाहिजे."

पलीकडे इतकी शांतता, की मला वाटलं फोन ठेवला. मग आवाज आला, "नोंदणी क्रमांक?"

आकडे तिला येत नव्हते. मी फोन हातात घेऊन माझ्याकडच्या अर्जाच्या प्रतीवरून क्रमांक आणि तारीख सांगितली. "ठीक," म्हणाले आणि मग मात्र खरंच ठेवला. रित्वानं चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली, "बस" म्हणाली आणि घरी गेली. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्याच्या घरातलं असलं नाजूक भांडं आपण फोडलं, या विचारानं मी आनंदलाही झोपू दिलं नाही.

अकराव्या दिवशी कुरिअरवाला उमरेडकरांकडे जाड पाकीट देऊन गेला. थोड्या वेळानं ते आमच्या मागच्या दारात उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. मी माफी मागणार, एवढ्यात त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. आत प्रमाणपत्राची नवी नक्कल होती, शिक्क्यांसकट, तीन प्रतींत, प्रत्येकीला वेगळी टाचणी. वर फुलस्केप कागदावर पत्र. नाझराचं अक्षर, समास सोडून.

"चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद. सोबत नक्कल तीन प्रतींत पाठवीत आहे. प्लास्टिक करू नये. मूळ रजिस्टर समक्ष पाहिले. साक्षीदार क्रमांक तीनची सही ओळखली. ती मीच आठ दिवस पाटीवर गिरवून घेतली होती. कशासाठी ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. कागदावर अंगठा असला की पुढे कोणीही शंका काढतो, सही पक्की असावी, एवढे मी तिला सांगितले होते. त्या दिवशीची रिक्षा कोपऱ्यावर मी उभी करून ठेवली होती. हे तुझ्या आईला शेवटपर्यंत कळू दिले नाही. तिला आपण गुपित ठेवले याचा फार आनंद होता. सूनबाईचे उच्चार चांगले आहेत. कळावे."

मी पत्र वाचून वर बघितलं तर उमरेडकर माझ्या ओट्याला टेकून लहान मुलासारखे रडत होते. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुंपणापलीकडे रित्वा कपडे वाळत घालत होती. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं, म्हणाली, "होते," आणि चिमटा लावला.

पुढचं सरळ झालं. डब्लिनहून पत्र आलं, गार्डा स्टेशनातल्या भल्या माणसानं पाच वर्षांचं कार्ड हातात ठेवलं, कोटावरचं लाल स्टिकर निघालं. जुनं, प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र परत हॉट प्रेसमध्ये टॉवेलांखाली गेलं. दिवाळीला कुलकर्णींनी आपला विनोद केला. त्या वर्षी उमरेडकरांनी उत्तरादाखल रित्वाच्या ताटात श्रीखंड वाढलं.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे कुकर घेऊन गेले, सहा महिन्यांची तपासणी होती म्हणून. दार उघडंच होतं. उमरेडकर माझ्याकडे पाठ करून फोनवर उभे होते. ताठ, शाळेत उभं करतात तसे. एरवी दोन माणसांचं बोलणारा हा माणूस, पण फोनवर मोठमोठी शांतता चालली होती. मधेच "हो बाबा." मग पुन्हा शांतता. मग, "नाही बाबा, प्लास्टिक नाही केलं." मग बऱ्याच वेळानं, "ती बरी आहे. देऊ का तिला?"

रित्वा हात पुसत येऊन शेजारी उभी राहिली होती. त्यांनी रिसीव्हर तिला दिला, तेव्हा मला फोनचा वरचा भाग दिसला. त्यावर हिरवं स्टिकर होतं. "तपासले. रविवार. पुढची तपासणी, रविवार."

मी कुकर ओट्यावर ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन घरी आले.